रविवारी नऊ वाजता यायची ती

माझे वडील अंधेरीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे, आणि बारा वर्षांची होईपर्यंत मला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. हे सांगितलं की माझ्या नातवंडांना खोटं वाटतं. पण पन्नासनंतरच्या त्या वर्षांत शाळेत इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायचं आणि बाबांनी घरातही तोच नियम ठेवला होता. "शिक्षकाची मुलगी म्हणून तुला आधी कशाला? सगळ्यांबरोबर शीक," असं ते म्हणायचे. ज्याला आपल्या भाषेत धड वाचता येत नाही, त्याची दुसऱ्या भाषेत नुसती पोपटपंची होते, असं त्यांचं मत होतं. म्हणून तोवर मी मराठी वाचायचं. भरपूर आणि मोठ्यानं.

आमच्या दोन खोल्या स्टेशनपासून पश्चिमेला दहा मिनिटांवर होत्या. मागे विहीर, विहिरीपलीकडे भाताची खाचरं. बाहेरच्या खोलीत बाबांचं टेबल होतं, त्यावर एक जाडजूड डिक्शनरी आणि तिच्याखाली दाबून ठेवलेले तपासायचे पेपर. संध्याकाळी शाळेतून आले की हातपाय धुऊन बाबा भिंतीला टेकून बसायचे, आई तांदूळ निवडायला घ्यायची आणि मी वाचायचे. पान संपलं की बाबा पुस्तक मिटायला लावून विचारायचे, "काय दिसलं?" काय वाचलंस, असं कधीच नाही. मी धडाधड सांगायचे. कोण कुठून आलं, कोण कुणाला काय म्हणालं, एक शब्द सुटायचा नाही. बाबा डोळे मिटून ऐकायचे आणि "हं" म्हणायचे. मग तोच प्रश्न आईला. आई चौथीपर्यंत शिकलेली. ताटातला खडा बाजूला काढत ती म्हणायची, "त्या बाईनं पदर खोचला ना, तेव्हाच मला वाटलं, ही आता घर सोडून जाणार." आणि बाबा डोळे उघडायचे.

आईचा मला थोडा हेवा वाटायचा. पण आई ती आईच. खरा हेवा म्हणजे काय, ते मला सातवीत असताना, दिवाळीनंतर कळलं.

ती वेसाव्याची होती, कोळ्यांची मुलगी. बाबांच्या वर्गात अकरावीला होती आणि सहामाहीत इंग्रजीत नापास झाली होती. मार्चमध्ये तिची मॅट्रिकची परीक्षा. बाबांनी तिला सांगितलं, रविवारी सकाळी नऊ वाजता घरी येत जा.

पहिल्या रविवारी ती आली तेव्हा दार मीच उघडलं. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी, उंच, सावळी, दोन घट्ट वेण्या. चपला हातात घेऊनच आत आली आणि कुठे ठेवू म्हणून इकडेतिकडे बघत राहिली. बस मिळाली नव्हती म्हणून वेसाव्याहून चालत आली होती. बाबांनी तिला चटईवर बसवलं, स्वतः समोर बसले आणि एक पुस्तक उघडलं. मीही चटईच्या एका टोकाला जाऊन बसले. बाबा म्हणाले, "तू आत जा. आईला मदत कर."

मी आत गेले. आई भाजी चिरत होती. मी मुद्दाम बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आई, कसला गं वास येतोय? मासळीचा?"

आमच्या घरी मासे शिजत नसत. आईनं विळीवरून मान वर करून माझ्याकडे असं बघितलं, की मी गप्प झाले. बाहेर ती वाचत होती, ती क्षणभर थांबली. मग परत वाचू लागली.

पुढच्या रविवारी ती आली ती डोक्याला वासाचं तेल चोपडून आणि शेवंतीची मोठी वेणी माळून. चटईवर बसली तीही दाराजवळच्या टोकाला, स्वयंपाकघरापासून लांब. असं का, ते मला बरोबर कळलं. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

त्या दिवशी आईनं चहा केला. त्या मुलीचा चहा एका वेगळ्या कपात, कान तुटलेल्या. आईच्या मनात वाईट काही नव्हतं, तिच्या माहेरी जे चालायचं तेच तिनं केलं. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी फळीवरून तोच कप उतरवला आणि म्हणाले, "मला आजपासून ह्यात दे." आई नुसती बघत राहिली. मग तिनं त्यात चहा ओतला. पुढच्या रविवारपासून ती मुलगी आमच्याच कपांतून चहा प्यायला लागली आणि तुटक्या कानाचा कप बाबांचा झाला. मी हट्ट धरला की मलाही त्यातच चहा हवा. बाबा हसले, पण कप दिला नाही.

तिचा अभ्यास मी दाराच्या फटीतून बघायचे. बाबा तिला काही पाठ करायला लावत नसत. अडलेल्या शब्दाचा अर्थही सांगत नसत. आधी त्या शब्दाच्या आजूबाजूला बघ, म्हणायचे. शेजारीपाजारी कोण आहेत त्यावरून माणूस कळतो की नाही? मग अंदाज कर. अंदाज करून झाला की डिक्शनरी. ती डिक्शनरी! मला तिच्यावरची धूळ पुसायची परवानगी होती, उघडायची नव्हती. ही मांडीवर घेऊन पानं उलटायची, आणि अंदाज बरोबर निघाला की तोंडावर हात ठेवायची.

पण सगळ्यांत वाईट काय होतं, तर ते दोघं इंग्रजीत बोलायचे. ती अडखळत, चुकत, बाबा सावकाश. माझ्याच घरात, माझेच वडील, एका परक्या मुलीशी काहीतरी बोलतायत आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही! एका रविवारी तिनं वहीतून काहीतरी वाचलं आणि बाबा खो खो हसले. ती आधी गोंधळली, मग तीही हसायला लागली. इतकी, की डोळ्यांत पाणी आलं. बाबांना असं हसताना मी क्वचितच बघितलं होतं. माझी खात्री झाली की ते मलाच हसतायत. ती गेल्यावर मी विचारलं, "काय झालं होतं हसायला?"

"अगं, गंमत होती एक. आठवीत गेलीस की कळेल," बाबा म्हणाले.

आठवी जूनमध्ये. तेव्हा जानेवारी चालू होता.

त्याच महिन्यात त्यांनी तिला निबंध लिहायला सांगितला. परीक्षेत येतात तसला नव्हे. तुझ्या घराच्या दारात बसून जे दिसतं ते लिही, म्हणाले. तिनं सुकत घातलेल्या बोंबलांवर एक पान लिहून आणलं. ती गेल्यावर बाबा ती वही घेऊन थेट स्वयंपाकघरात आले. आई पोळ्या लाटत होती. बाबा दारातच उभे राहून तिला मराठीत सांगू लागले, "ऐक हं. ती म्हणते, बोंबील सुकवताना आम्ही दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवतो आणि दोरीवर टाकतो. दोरीच्या दोन बाजूंना दोघं लोंबतात. वारा आला तरी पडत नाहीत, कारण त्यांनी एकमेकांना धरलेलं असतं."

आईचं लाटणं थांबलं. "जन्मात बोंबील बघितला नाही मी," ती म्हणाली, "पण आत्ता दिसला."

"दिसला ना?" बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

मला वर्गात निबंधात नेहमी पहिला नंबर असायचा. पावसाळ्यावर, गाईवर, देशभक्तीवर मी चार चार पानं लिहायचे. माझी वही घेऊन बाबा कधीच स्वयंपाकघरात आले नव्हते. त्या दिवशी मी जेवले नाही. पोट दुखतंय म्हणून सांगितलं.

फेब्रुवारीत अकरावीच्या मुलांना परीक्षेआधीची सुट्टी लागली. आता बाबांची आणि तिची गाठ फक्त रविवारीच पडायची. अशाच एका रविवारी बाबांना दादरला एका आजारी मित्राला बघायला जायचं होतं. निघताना त्यांनी टेबलावर एक कागद ठेवला. मला म्हणाले, "ती आली की हा पेपर सोडवायला दे. डिक्शनरीही दे. मी अकरापर्यंत येतो, तोवर तिला थांबायला सांग."

नऊ वाजता ती आली. आई मागे विहिरीवर कपडे धूत होती. मी दारात उभी राहिले, बाजूला सरले नाही.

"सर आहेत?" तिनं विचारलं.

"नाहीत. बाबांनी निरोप ठेवलाय. आता येऊ नकोस म्हणाले."

"आज?"

"आता कधीच नको. त्यांना वेळ नाही. तुला शिकवायचं तेवढं शिकवून झालं म्हणाले."

ती माझ्याकडे बघत राहिली. "असं म्हणाले सर?"

"हो. असंच म्हणाले."

आणखी काही विचारेल असं मला वाटलं होतं. उत्तरं मी तयारच ठेवली होती. पण तिनं नुसती मान हलवली, वही छातीशी धरली आणि वळली. तिच्या चपलांचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. मी आत येऊन तो पेपर डिक्शनरीखाली सरकवला. बाबा आले तेव्हा म्हणाले, "नाही आली?"

"नाही."

इतकं सोपं होतं ते.

पुढचा रविवार माझा, असं मी धरून चालले होते. सकाळी आंघोळ करून मी आपणहून पुस्तक घेऊन चटईवर जाऊन बसले. "बाबा, मी वाचते." ते "वाच" म्हणाले. मी वाचलं. पान संपलं. बाबांनी काहीच विचारलं नाही. ते उघड्या दारातून रस्त्याकडे बघत होते. रस्त्यावर चपलांचा आवाज आला की मान उंच करायचे. कोणी दुसरंच असायचं. साडेदहाला त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ती येत होती तेव्हा दोनच तास घरात असायची. आता ती येत नव्हती आणि दिवसभर आमच्याच घरात होती.

तिसऱ्या रविवारी बाबा म्हणाले, "चल, चपला घाल. वेसाव्याला जाऊन येऊ. आजारीबिजारी असेल ती. परीक्षा तोंडावर आलीय."

मी म्हणाले, माझं डोकं दुखतंय. आई म्हणाली, "वाऱ्यावर बरं वाटेल, जा." माझा नाइलाज झाला.

बसमधून उतरून आम्ही गावात शिरलो. बाबांनी माझं बोट धरलं होतं. दोन्ही बाजूंना दोऱ्यांवर बोंबील लटकत होते, तिनं लिहिलं होतं अगदी तसेच, तोंडात तोंड अडकवलेले. बाबा थांबून बघत राहिले. आता सांगावं, आता सांगावं, असं मी मनाशी म्हणत होते, तोवर आम्ही तिच्या दारात पोचलोसुद्धा.

तिची आई ओट्यावर जाळं मांडीवर घेऊन बसली होती. बाबांना बघून लगबगीनं उठली. "मास्तर! या, या. इकरं बसा." बाबांनी विचारलं, मुलगी बरी आहे ना? आली नाही बरेच दिवस.

"बरी हाय की," ती म्हणाली. "पण तुमीच म्हनलात ना, आता येऊ नको?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. माझं बोट मात्र त्यांच्या मुठीत होतं आणि ती मूठ सैल झाली. इतकी वर्षं झाली, बोट सुटल्याची ती जाणीव अजून हाताला आहे.

तेवढ्यात ती आतून बाहेर आली. तिनं बाबांना बघितलं, मग मला. मी जमिनीकडे बघायला लागले. आता ही सगळं सांगणार. सांगू दे, एकदाचं संपू दे, असं मला झालं होतं. ती म्हणाली, "मीच नीट ऐकलं नाही, सर. घाईत होते. चूक झाली."

मला तिचा त्या क्षणी जेवढा राग आला तेवढा कधीच आला नव्हता. चांगलं वागण्यातही तिचाच नंबर पहिला!

बाबा म्हणाले, "वही आण. दोन रविवार बुडालेत." आणि तिथेच ओट्यावर मांडी घालून बसले. दोन तास त्यांनी तिला शिकवलं. मी तिच्या आईजवळ बसले होते. त्या बाईला काहीच ठाऊक नव्हतं. तिनं माझ्यासाठी कुठून तरी शहाळं आणवलं, स्वतः फोडून हातात दिलं आणि म्हणाली, "पी गो पोरी. मास्तरांची लेक तू. हुशार असशील." मी ते तसंच हातात धरून बसले. मधेच बाबांनी त्या बाईला जाळ्याच्या गाठीचं नाव विचारलं, एका माशाचं नाव विचारलं, आणि खिशातल्या कागदावर लिहून घेतलं. ती लाजून हसली. मास्तरांनाही आपल्याला विचारावं लागतं, याची तिला मोठी मौज वाटली.

परत येताना बस यायला वेळ होता. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. बाबांनी बस येते का ते वाकून पाहिलं. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "काय दिसलं?"

मला रडू फुटलं. "मी खोटं बोलले. तुम्ही निरोप दिलाच नव्हता. मीच सांगितलं तिला."

"ते मला दारातच कळलं. का सांगितलंस?"

"तुम्ही तिच्याशी बोलता ते मला कळत नाही. तुम्ही हसता ते पण कळत नाही. तिची वही आईला वाचून दाखवता. माझी कधीच नाही."

बाबा म्हणाले, "तू उत्तरं देतेस. सगळी बरोबर देतेस. ती विचारते. विचारणारं मूल समोर असलं की माझं भान सुटतं." जरा थांबून म्हणाले, "आणि तू घरातलीच. कधीही शिकवता येईल, असं धरून चाललो. ते माझं चुकलं."

बाबांच्या तोंडून 'माझं चुकलं' हे मी पहिल्यांदाच ऐकलं. पण त्यांनी मला सोडलं नाही. "तिची माफी तू मागायचीस. मी काही मागणार नाही तुझ्या वतीनं. आणि पुढच्या रविवारी तूही चटईवर बस. इंग्रजी शिकायचंय ना? तीच शिकवेल तुला."

"ती?"

"ती. अर्धा तास. दुसऱ्याला शिकवलं की आपलं पक्कं होतं, तिलाही उपयोग होईल."

माफी मी मागितली. दारातच, ती चपला काढत असताना, भरभर पुटपुटून. ती म्हणाली, "ऐकू नाय आलं." मी परत म्हणाले. तेव्हा हसली. "माझ्या धाकट्या बहिणीनं असं केलं असतं ना, तर मी झिंज्या उपटल्या असत्या," ती म्हणाली. "तू सरांची म्हणून वाचलीस." मग चटईवर बसल्यावर तिनं मला पहिला शब्द शिकवला तो 'व्हाय'. मी म्हटलं, ए बी सी डी आधी असते ना? ती म्हणाली, "ते नंतर. सर म्हणतात, आधी विचारायला शीक."

परीक्षेपर्यंत तीनच रविवार उरले होते. तिसऱ्या रविवारी धीर करून मी तिला विचारलं, त्या दिवशी तुम्ही दोघं कशाला हसत होतात. तिला आठवायला वेळ लागला. "ते होय! मला लिहायचं होतं, माझी आई मासे विकते. 'सेल्स' लिहायचं तर मी 'स्मेल्स' लिहिलं. म्हणजे माझी आई मासे हुंगते!" मीही हसले. मग पहिल्या रविवारी स्वयंपाकघरातून मी काय ओरडले होते ते मला आठवलं, आणि हसणं तोंडातच राहिलं. तिलाही आठवलं असावं. पण तिनं वही पुढे सरकवली. "चल, हे वाच."

जूनमध्ये ती पास झाली. इंग्रजीत चांगले मार्क मिळाले. पेढे घेऊन आली, बाबांच्या पाया पडली, आईच्या पडली. आईनं तिला जेवायला थांबवून घेतलं, आपल्याच पंगतीत. बाबांनी तिला शिक्षिका व्हायला सांगितलं आणि दोन वर्षांनी ती झालीही. मी आठवीत बाबांच्याच शाळेत गेले. वर्गात बाबा मला ओळखही दाखवत नसत. पण मी हात वर करून 'व्हाय' म्हटलं की खडू हातात धरून थांबायचे. तेवढं थांबणं मला पुरायचं. पुढे मीही इंग्रजीच शिकवलं, तीस वर्षं.

हे सगळं झालं म्हणून हेवा गेला, असं मात्र म्हणता येणार नाही. मी लग्न होऊन मुलुंडला गेले, ती अंधेरीतच राहिली. बाबांना म्हातारपणी दिसेनासं झालं तेव्हा आठवड्यातून दोनदा शाळा सुटल्यावर येऊन ती त्यांना वाचून दाखवायची. मुलं, नोकरी, सासर यांत मला महिन्यातून एकदा जमलं तर जमायचं. एकदा मी न कळवता गेले. दार उघडंच होतं. ती वाचत होती, बाबा भिंतीला टेकून ऐकत होते. माझी चाहूल लागली तसा त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "जरा थांब गं. एवढं पान होऊ दे."

मी चाळिशीची बाई, दोन मुलांची आई, हातात फळांची पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी राहिले. पान संपल्यावर ती उठली आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. "बरं झालं आलीस. तू वाच आता, मी चहा टाकते," म्हणाली आणि माझ्या आईच्या स्वयंपाकघरात निघून गेली, डबा कुठला ते न विचारता.

मी खाली बसले आणि पुढचं पान वाचायला घेतलं. चारपाच ओळी झाल्या असतील. बाबा म्हणाले, "सावकाश. ती बघ, प्रत्येक वाक्यानंतर थांबते."